मागची खोली, अधिक चौदा

यादीत बारावी ओळ होती आणि ती त्याची नव्हती. रविवारची दुपार, स्टुडिओ बंद, शटर अर्धं ओढलेलं, आणि तो मधल्या खोलीत एकटाच नव्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेत बसला होता. निदान त्याची समजूत तशी होती. गेल्याच महिन्यातल्या एका नवरीचा फोटो त्याने उघडला, आणि पडद्याच्या उजव्या बाजूला, कुणी मागितली नसताना, त्या फोटोवर काय काय केलं गेलं याची यादी उलगडली. प्रत्येक कामापुढे ते कुठल्या कॉम्प्युटरवर झालं त्याचं नाव. मधली खोली, मधली खोली, अशा अकरा ओळी. मधली खोली म्हणजे तो. नाव त्यानेच ठेवलं होतं. मागची खोली म्हणजे बायको, जिथे छपाईचं मशीन आहे, कागद कापायचा कटर आहे आणि स्टुडिओतली एकुलती एक खिडकी आहे. आपल्या अकरा ओळी त्याने वाचल्या नाहीत. आपलंच लिहिलेलं कोण वाचत बसतो. बाराव्या ओळीत लिहिलं होतं: उबदारपणा, अधिक चौदा, मागची खोली. त्याने दुसरा फोटो उघडला. निवृत्त होणाऱ्या एका साहेबांचा निरोप समारंभ. बारावी ओळ. तिसरा एका तान्ह्या बाळाचा, त्यात त्याची कामं आठच होती म्हणून ती ओळ नववी होती, पण होती. अधिक चौदा, मागची खोली. त्याने फोटो धुवून पाठवायचा, तिने तो छापायचा, एवढंच बारा वर्षं ठरलेलं होतं. मध्ये आणखी काही घडत असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

धुवायचा हा त्याचा शब्द. रोल गेले, पातेली गेली, अंधारखोलीतला तो आंबूस वास गेला, पण त्याने शब्द सोडला नाही. आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नव्हतं. कॅमेरा हल्ली जे टिपतो ते कच्चंच असतं, रॉ म्हणतात त्याला, आणि ते तसंच उघडून बघितलं तर चांगला धडधाकट माणूस आजारातून उठल्यासारखा दिसतो. त्याचा उजेड, त्याच्या सावल्या, त्याच्या कातडीचा रंग, सगळं मागाहून बसून आणावं लागतं. सॉफ्टवेअर मूळ फोटोला धक्का लावत नाही. शेजारी एक चिठ्ठी लिहून ठेवतं, की याचा उजेड इतका वाढवा, याचं कपाळ जरा मऊ करा. सोळा वर्षांच्या अशा चिठ्ठ्या त्याच्यापाशी होत्या. आणि ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्या लिहिल्या तिने दोन वर्षांपूर्वी गाशा गुंडाळला होता. कॉम्प्युटर आणि छपाईचं मशीन दुरुस्त करणारा मशीनवाला येऊन पंखे-बिंखे उघडून गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "काका, हा आता कधी बसेल सांगता येत नाही. आणि नव्यावर तुमचं ते जुनं चालणार नाही. काय ते दुसरं बघून घ्या." तेव्हापासून महिनाभर तो बघून घेत होता. मुलीसाठी स्थळं बघतानाही त्याने एवढा घोळ घातला नव्हता. तिने आपलं आपण जमवलं होतं हा भाग वेगळा.

तर सॉफ्टवेअर तीन होती. पहिलं भाड्याचं, दर महिन्याला पैसे द्यायचे आणि देणं थांबवलं की आपलेच फोटो आपल्याकडे परक्यासारखे बघणार. ते दिसायला देखणं होतं, सगळे तेच वापरत होते, आणि म्हणूनच ते त्याच्या मनातून उतरलं होतं. दुसरं फुकटचं. ते कुठल्यातरी हौशी लोकांनी मिळून बनवलेलं होतं आणि त्यात इतकी बटणं होती की बनवणाऱ्यांनाही सगळी माहीत असतील असं वाटत नव्हतं. पण त्याच्या जुन्या चिठ्ठ्या बऱ्याचशा वाचता येणारं तेवढं एकच होतं. तिसऱ्याचं नाव त्याने शहाणं ठेवलं होतं. त्याला काही सांगावंच लागत नसे. फोटो आत टाकला की ते चेहरा ओळखायचं, उजेड ओळखायचं, आणि आपण चष्मा पुसेपर्यंत फोटो तयार करून समोर ठेवायचं. त्याला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं, जसे न विचारता मदत करणारे पाहुणे आवडत नाहीत. रविवारी दुपारी फुकटच्याची पाळी होती, आणि बायकोची ती ओळ फुकटच्यानेच बाहेर काढली. जुन्या सॉफ्टवेअरमध्येही अशी यादी असायची, पण पडद्यावर जागा कमी म्हणून त्याने ती पहिल्याच वर्षी मिटून ठेवली होती आणि पुन्हा कधी उघडली नव्हती.

त्याला राग आला नाही, याचंच त्याला पुढे कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं. राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की जिना चढून वर जाता येतं, घराचं दार ढकलता येतं, हे काय आहे म्हणून विचारता येतं. त्याऐवजी तो खुर्चीतच बसून राहिला. कारण दुसऱ्या कुणी त्याच्या रंगांना हात लावला असता तर त्याने त्या माणसाचा सोक्षमोक्ष लावला असता. पण बायकोच्या डोळ्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं आणि हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं. लग्नाआधी ती अस्तर आणि दोऱ्याच्या दुकानात होती. गिऱ्हाईक कापड घेऊन यायचं, आणि ती ते कापड आणि दोऱ्याची चार रिळं घेऊन सरळ दुकानाच्या दारात जायची, उन्हात धरायची, आणि त्यातलं एक उचलून आत यायची. तीनशे रंगांचे दोरे होते. तिने आणलेलं रीळ परत करायला कुणी आलेलं त्याने पाहिलं नाही, आणि त्याने पुष्कळ पाहिलं होतं, कारण त्या काळात तो रोज कसलंतरी अस्तर शोधत त्या दुकानात जात असे. एकदा तिने विचारलंच होतं, "एवढ्या अस्तराचं तुम्ही करता काय?" पुढच्या महिन्यात लग्न ठरलं. अशा बाईने जर त्याच्या प्रत्येक फोटोत बारा वर्षं काहीतरी भर घातली असेल, तर ती भर लागत होती. दुसरा अर्थच निघत नव्हता. आणि ती भर उबदारपणाची होती, म्हणजे पिवळ्याची, म्हणजे त्याचे फोटो निळे पडत होते, म्हणजे त्याला निळं दिसत नव्हतं.

एकदा हे मनात आलं आणि मग एकेक गोष्ट आपणहून उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहायला लागली. डोळ्यांचे डॉक्टर. बायको त्याला दरवर्षी त्यांच्याकडे न्यायची. नंबर बदललेला नसायचा, डॉक्टर कंटाळून म्हणायचे, अहो बाई, तुमच्या मिस्टरांचे डोळे उत्तम आहेत, आणि ती म्हणायची, तरी पुन्हा एकदा बघा ना, ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवा. त्या पुस्तकातले आकडे तो धडाधड वाचायचा आणि ती शेजारी बसून त्याच्याकडे न बघता पुस्तकाकडे बघत असायची. तो समजायचा, काळजी करते. बायका करतात. मग शर्ट. त्याचे सगळे शर्ट ती आणायची. कुणी विचारलं तर तो कौतुकाने सांगायचा की मला कपड्यांतलं काही कळत नाही. रस्ता ओलांडताना सिग्नलपाशी ती त्याचं कोपर धरायची आणि हळूच म्हणायची, लाल आहे हं अजून. हेही त्याला आवडायचं. मुलीने एकदा फोनवर विचारलं होतं, "बाबा, तुमच्या टेबलावरच्या फायलींवर आईने नावं कशाला लिहून ठेवलीत? रंगावरून कळत नाहीत का तुम्हाला?" त्यावर तो हसला होता. आता ग्रे रंगाच्या त्या चार भिंतींत बसून त्याला कळेना की गेल्या बारा वर्षांत आपल्यावर जे प्रेम झालं त्यातलं प्रेम किती आणि सांभाळून घेणं किती. भिंतींना ग्रे रंग त्याने स्वतः दिला होता, भिंतीचा रंग डोळ्याला फसवू नये म्हणून. ज्याचा डोळाच फसलेला आहे त्याने भिंतींची काळजी करावी, याचं त्याला एकट्यालाच हसू आलं. ते हसू काही फार वेळ टिकलं नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते लोकांच्या शब्दांचं. या भागात माणसं त्याच्याकडे यायची ती कातडीच्या रंगासाठी. काळा माणूस काळाच आणि सुंदर दिसायचा, गोरी पोर पिठात बुडवल्यासारखी दिसायची नाही. एक आजोबा मुद्दाम दोन बस बदलून आले होते आणि म्हणाले होते, दुसरीकडे काढला की मी दुसराच कुणीतरी दिसतो. तो फोटो त्याने दर्शनी भागात लावला होता. ते वाक्य त्याने किती जणांना सांगितलं होतं याची मोजदाद नाही, आणि सांगताना बायको शेजारी उभी असायची, कागद कापत, मान खाली, ताकाला तूर लागू न देता. तिने एकदा तरी वर बघितलं असेल का, हे त्याला आता आठवून बघायचं होतं. त्याला फक्त कटरचा आवाज आठवला.

तो उठला नाही. त्याने शहाणं उघडलं आणि त्या नवरीचा कच्चा फोटो आत टाकला. क्षणभर काहीच झालं नाही आणि मग नवरी तयार होती. ठीक होती. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. त्याने निवृत्त साहेब टाकले, तेही तयार झाले, आणि चेहऱ्यावर नवरीसारखीच तकाकी घेऊन बाहेर आले. पण फोटो निळा नव्हता. कुणाच्याही डोळ्यांची गरज न लागता तो निळा नव्हता. इथेच त्याचं ठरलं. हे घ्यायचं. हे असलं की मधल्या खोलीत कुणी बसलंच पाहिजे असं नाही. पुढे उभं राहून फोटो काढायचे, ते आपणहून धुतले जातील, मागे छापले जातील. बायकोला चोरून काही करावं लागणार नाही आणि तिला कळणारही नाही की आपल्याला कळलं आहे. मधली खोली रिकामी करून तिथे बॅकड्रॉपचे पडदे ठेवता येतील, ते नाहीतरी पॅसेजमध्ये येणाऱ्याच्या पायात येतात. छप्पन्न वर्षं हे काही थांबायला वाईट वय नाही. हे सगळं त्याने शांतपणे ठरवलं.

चार वाजता बायको चहा घेऊन खाली आली. तिने कप ठेवला, खुर्ची ओढली, पडद्याकडे बघितलं आणि तिचं तोंड आंबट झालं.

"हे कोण?"

"ती गेल्या महिन्यातली नवरी."

"ही? काय झालं हिला? मेणाची केली की."

"शहाण्याने केलीय. मी म्हणतो हेच घेऊ या. काही करावं लागत नाही."

तिने चहाचा घोट घेतला, पुन्हा नवरीकडे बघितलं, आणि मग त्याच्याकडे. तिची ही नजर त्याच्या ओळखीची होती, रीळ आणि कापड शेजारी शेजारी धरल्यासारखी.

"काही करावं लागत नाही म्हणजे? तुम्ही काय करणार मग?"

"मी पुढे बसेन. गिऱ्हाइकांशी बोलेन. वय झालं आता."

"कालपर्यंत नव्हतं झालं ते."

त्याला वाटलं होतं आपण बोलणार नाही. पण त्याचा हात आपोआप फुकटच्याकडे गेला आणि त्याने ती यादी उघडून तिच्यासमोर ठेवली. बाराव्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. तिने वाचलं. कप खाली ठेवला. तिच्या मानेवरून लाली वर चढत गेली आणि ती त्याला व्यवस्थित दिसली, हेही त्याने मनात नोंदवलं.

"हे लिहून ठेवतं का सगळं?" ती म्हणाली.

"नावानिशी."

"मेलं चोंबडं." मग ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "सांगणार होते मी."

"कधी?"

"पहिल्या वर्षी. मग म्हटलं, कशाला. मला एक मिनिट लागतं एका फोटोला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आयुष्यभर प्रत्येक फोटोपाशी अडून बसला असता."

"म्हणजे मला निळं दिसत नाही."

"दिसत नाही असं नाही. जरा कमी दिसतं. आणि वाढत चाललंय, काय करणार. आधी मी दोनच घालायची. आता चौदा घालावे लागतात. तुम्ही सगळ्यांना इतकं निळं करून पाठवता."

"ते मी करतो," तो म्हणाला. "ते मला दिसतं. ते मी मुद्दाम करतो."

"मुद्दाम कशाला कराल?"

"तुझं मशीन पिवळं ओढतं म्हणून."

बायकोने कपाळाला आठ्या घातल्या. मशीन पिवळं ओढतं हे त्याचं वाक्य तिने बारा वर्षांत हजार वेळा ऐकलं होतं. दरवर्षी मशीनवाला यायचा, रंगांच्या पट्ट्या छापून बघायचा, काही नाही हो काका म्हणायचा, आणि हा माणूस त्याच्याशी हुज्जत घालायचा, छापून आलेला फोटो त्याच्या नाकासमोर नाचवायचा. ती प्रत्येक वेळी चहा करायला वर निघून जायची. तिला वाटायचं, ज्याला निळं दिसत नाही त्याला जग पिवळंच दिसणार, बिचाऱ्याचा काय दोष.

"माझं मशीन पिवळं ओढत नाही," ती सावकाश म्हणाली. "पिवळं मी घालते."

"आणि मी पाठवलेल्यापेक्षा ते पिवळं आलं की पुढच्या खेपेला मी आणखी थोडं कमी करतो."

"आणि ते निळं आलं की मी..."

दोघांनीही पडद्याकडे बघितलं. त्याच्या अकरा ओळींतली पहिलीच ओळ, जी त्याने दुपारभर वाचली नव्हती, तिथे होती: उबदारपणा, उणे चौदा, मधली खोली. ती त्याने सवयीची करून ठेवलेली होती. फोटो आत आला की आपोआप लागायची, आणि वर्षातून एकदा, मशीनवाला येऊन गेला की, तो ती एक आकड्याने वाढवायचा. बायकोने खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी मागे जायला सुरुवात केली. गेल्या वर्षीचं एक साखरपुड्याचं जोडपं: उणे तेरा, अधिक तेरा. चार वर्षांपूर्वी एका वकिलाचा फोटो: उणे दहा, अधिक दहा. मुलीचा पदवीचा झगा घातलेला फोटो, त्यात दोघांनीही जिवापाड मेहनत घेतलेली, उणे सात, अधिक सात. आकडे कमी कमी होत गेले आणि ती दोघं तरुण होत गेली. ती मध्येच म्हणाली, "बघा, हा दिवस मला आठवतो, मी तापात छापले होते," आणि तो म्हणाला, "मीही तापात होतो, तूच दिला होतास," आणि पुन्हा पुढचा फोटो. अगदी तळाशी, मशीन आणलं त्या महिन्यातला, शाळेच्या एका बाईंचा फोटो होता. त्यात त्याचं उणे काहीच नव्हतं. फक्त तिचं अधिक दोन.

"म्हणजे सुरुवात माझी," ती म्हणाली.

"पण का? हा तर बरोबर होता."

तिने त्या बाईंचा फोटो पुढे वाकून बघितला. मग एकदम उठून मागच्या खोलीत गेली, खिडकीपाशी उभी राहिली असावी, आणि तिथूनच बोलली. "समोरच्या इमारतीला रंग देत होते. वर्षभर. सगळ्या इमारतीला निळं प्लास्टिक गुंडाळलं होतं, आठवतं? फडफडायचं ते. खिडकीतून उजेड येत होता तो त्याच्यातून." ती दारात परत आली. "उजेडात बघायचं, उजेडात बघायचं, आणि उजेडच निळा होता. माझ्या लक्षात नाही आलं हो."

ती हे इतक्या शरमेने म्हणाली की त्याला एकदम तिचा लोभ वाटला, दुकानाच्या दारात वाटायचा तसाच. तिचा डोळा आयुष्यात एकदाच चुकला होता आणि ते प्लास्टिक निघाल्यावरही ती दोघं एकमेकांना दुरुस्त करत राहिले होते, दर वर्षी आकडा वाढवत, एका भिंतीच्या दोन बाजूंना. फोटोचा उबदारपणा मात्र, पहिले काही सोडले तर, प्रत्येक वेळी कॅमेऱ्याने टिपला होता तिथेच येऊन थांबला होता. तो आजोबांचा दोन बस बदलून काढलेला फोटोसुद्धा. त्याने हिशेब करून बघितला आणि त्याला हसू फुटायला लागलं, आणि तिलाही, आणि मग ती डोळे पुसत पुन्हा खुर्चीत बसली.

"एक सांग," तो म्हणाला. "बारा वर्षं तुला वाटत होतं की माझे डोळे जातायत. फोटोवाल्याचे डोळे. तुला भीती नाही वाटली?"

"पहिली दोन वर्षं वाटली. रात्री उठून बसायची मी. मग सवय झाली." तिने पदराच्या टोकाने पडद्यावरची धूळ पुसली. "म्हटलं, जातायत तर जाऊ देत. मी आहे ना."

तिने ते चहा निवला म्हणावं तशा आवाजात म्हटलं. दुपारभर त्याने ज्या गोष्टी एकेक करून आपल्या विरुद्ध उभ्या केल्या होत्या, त्या सगळ्या अजूनही खऱ्या होत्या, कोपर धरणं खरं होतं, ठिपक्यांचं पुस्तक खरं होतं, सांभाळून घेणं खरं होतं. फक्त सांभाळण्यासारखं काही नव्हतं. प्रेम किती आणि सांभाळून घेणं किती हा त्याचा प्रश्नच मुळात खुळा होता हे त्याला कळलं. आणि आपण तरी काय केलं, त्याने विचार केला. बारा वर्षं आपण त्या मशीनला शिव्या घातल्या, मशीनवाल्याला खोटं पाडलं, कागदाच्या कंपनीला पत्र लिहिलं. पण ते मशीन चालवते त्या बाईच्या हातून काही होत असेल असं एकदाही आपल्या डोक्यात आलं नाही. हे त्याने तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही भोळे आहात, दुसरं काय," पण ती खूश झाली होती.

फुकटचं घ्यायचं ठरलं. शहाणं त्याच दिवशी काढून टाकलं. जाता जाता शहाण्याने दोनदा विचारलं की खरंच काढू का. सोमवारी मशीनवाल्याने नवा कॉम्प्युटर आणून जोडला, दोन्ही खोल्यांची नावं पुन्हा घातली, आणि दुपारी त्याने पहिला फोटो धुवायला घेतला. तो बायकोचाच होता. कॅमेरा जोडून बघायचा म्हणून खिडकीपाशी उभी करून काढलेला, एका हातात पट्टी, केस विस्कटलेले, अहो थांबा ना म्हणत असताना. त्याने उजेड बसवला. सावली बसवली. उबदारपणा शून्यावर होता आणि शून्य अगदी बरोबर होतं. फोटो पाठवायला तयार होता. पण त्याचा हात पुढे जाईना. इतकी वर्षं एकही चेहरा तिचा हात शेवटचा लागल्याशिवाय या स्टुडिओच्या बाहेर पडला नव्हता. ते उगाच होतं, चुकीचं होतं, सगळं मान्य. पण हा फोटो आता तिच्याकडे जाईल, ती बटण दाबेल, कागद बाहेर येईल आणि झालं. तिला करायला काही उरलं नाही. त्याला हे बरं वाटेना. त्याने मागच्या खोलीकडे एकदा बघितलं, आणि मग उबदारपणा तीनने कमी केला. जाणत्या डोळ्याला कळेल एवढाच. तिला कळणार होतं. ती तीन घालेल, मनातल्या मनात म्हणेल की याचं काही खरं नाही, आणि बरं वाटेल तिला. त्याने फोटो पाठवून दिला आणि कानोसा घेत बसला.

मशीन घरघरलं. कागद बाहेर पडल्याचा आवाज आला, मग कटरचा. ती फोटो दोन बोटांत धरून आली आणि तिने तो त्याच्या हातात दिला. तो निळा होता. फार नाही, तीन होता. तिच्या गालांवर, कपाळावर, जिथे खिडकीचा उजेड पडला होता तिथे, ती गारठ्यात उभी असल्यासारखी दिसत होती. त्याने फोटो जवळ धरला, लांब धरला, आणि वर बघितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"छान आलाय ना?" ती म्हणाली.

"तू काही केलं नाहीस याला?"

"नाही."

"तुला निळा नाही वाटला?"

"वाटला." ती जरा घुटमळली. "उघडल्या उघडल्या वाटला. हातसुद्धा गेला होता माझा. मग म्हटलं, नाही. तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही केलंय तर तसंच असणार, मीच कुठेतरी चुकत असेन."